बिट्टी

बिट्टी : (पिवळी कण्हेर, हिं. पीला कनेर, बं. कलके, ते. पच्च गन्नेरू, लॅ. कॅस्काबेला थेवेशिया, थेवेशिया पेरुव्हियाना, थे. नेरिफोलिया; कुल-ॲपोसायनेसी). उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील विषारी सदापर्णी वृक्ष व झुडुपे यांच्या एका लहान प्रजातीतील ही वनस्पती असून तिचे मूलस्थान मेक्सिको व मध्य अमेरिका हे होय. भारतात ती बागांतून, देवळांच्या आवारांतून, कुंपणांत व रस्त्यांच्या कडेला सर्वत्र लावलेली आढळते. काही ठिकाणी लागवडीतून निसटून पडीक जमिनीवरही ती आपोआप वाढते. महाराष्ट्रात ती इतकी रुळली आहे, की ती परदेशी आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती अत्यंत विषारी आहे, हेही अनेकांना माहीत नसते. ‘कण्हेर विषारी असते’ हे ऐकीव ज्ञान बहुधा तांबड्या व पांढऱ्या कण्हेरीपुरतेच मर्यादित राहते.

हा वृक्ष सु. ३ ते ६ मी. उंच असून त्याच्या सर्व भागांत पांढरा चीक असतो. पाने साधी, एकाआड एक (सर्पिल रचनेत), अगदी अरुंद व लांबट, सु. १० ते १५ सेंमी. लांब, वरच्या बाजूस चकचकीत हिरवी व दोन्ही टोकांस निमुळती असतात. फुले मोठी, मंद सुवासिक, पिवळी व नसराळ्यासारखी असून फांद्यांच्या टोकांस थोड्या फुलांच्या वल्लरीत येतात. पाच पाकळ्या कळीत एकमेकींभोवती पिळल्यासारख्या असतात आणि फूल पूर्ण उमलल्यावरही हा पीळ थोडाफार राहतो. बंगालीतील ‘कलके’ हे नाव हुक्क्याच्या चिलमीवरून पडले आहे. फूल उलटे धरून पाहिल्यास त्यातील नेमकेपणा पटतो. पुष्पमुकुटाच्या गळ्याशी केसाळ खवले असून पाच केसरदले त्यांच्याखाली दडलेली असतात. फळ अश्मगर्भी (आठळीयुक्त), गोलसर त्रिकोणी, ३ ते ५ सेंमी. रुंद, प्रथम हिरवे व पिकल्यावर काळे होते. गर आत एका अतिशय कठीण आठळीला चिकटलेला असतो. आठळीला मधोमध कंगोरा असून तिच्यात दोन ते चार चपट्या बिया असतात. फुले जवळजवळ वर्षभर येत राहतात, त्यामुळे एकाच फांदीवर कळी, फूल, हिरवे फळ व काळे फळ एकत्र दिसणे नित्याचे आहे.

पिवळ्या कण्हेरीला ‘कण्हेर’ म्हणण्याचे कारण पाने व फुले यांचे वरवरचे साम्य एवढेच आहे. खरी कण्हेर (निरियम) ही त्याच कुलातील, परंतु वेगळ्या प्रजातीतील आहे. तिची पाने जाडसर, चिवट व बहुधा तीन-तीनच्या मंडलात असतात आणि फळे लांब शेंगांसारखी जोडीने येऊन त्यांतून केसाळ गुच्छ असलेल्या बिया उडतात. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत उल्लेखिलेला ‘करवीर’ हा ह्याच कण्हेरीचा होय. पुढील काळातील काही निघंटूंत पिवळ्या फुलांच्या करवीराचा उल्लेख येतो. तथापि अमेरिकेचा शोध लागण्यापूर्वी बिट्टी भारतात असणे शक्य नसल्यामुळे अशा उल्लेखांचा अर्थ लावताना त्या त्या ग्रंथाचा काळ तपासूनच घेतला पाहिजे. प्राचीन ग्रंथातील करवीराचे गुण सरसकट पिवळ्या कण्हेरीला चिकटविण्याची प्रथा आजही काही घरगुती औषधांच्या पुस्तकांत दिसते. ती शास्त्रीय दृष्ट्या चूक आहे व व्यवहारात घातक ठरू शकते. [⟶ कण्हेर].

नावाचा इतिहास : ह्या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात वेळोवेळी झालेले बदल केवळ शब्दांचे नाहीत, तिच्या विषासंबंधीच्या समजुतीची ती एक प्रकारची नोंदच आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला ‘सर्बेरा थेवेशिया’ असे नाव दिले. ग्रीक पुराणकथांत पाताळाच्या दारावर पहारा करणारा अनेक तोंडांचा सर्बेरस नावाचा कुत्रा आहे. विषारी वृक्षांच्या प्रजातीला त्याच्या नावाने ओळखणे लिनीअस यांना समर्पक वाटले असावे. नावाचा दुसरा भाग आंद्रे थेव्हे ह्या फ्रेंच फ्रान्सिस्कन साधूच्या स्मरणार्थ आहे. थेव्हे १५५५ मध्ये फ्रेंच वसाहतवाल्यांबरोबर ब्राझीलला गेले आणि १५५७ मध्ये त्यांनी त्या प्रदेशावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तेथील रहिवासी ज्याला ‘अहुआई’ म्हणत अशा विषारी फळाचे वर्णन आहे. हे फळ आज ज्या वनस्पतीचे मानले जाते, ती थेवेशिया अहुआई ही बिट्टीची जवळची नातलग होय. तेथील लोक त्या फळाच्या वाळलेल्या आठळ्या ओवून नाचताना पायांत बांधीत व त्यांचा खुळखुळ आवाज होई. आपल्याकडील घुंगरांचाच तो एक प्रकार म्हणता येईल. पुढे प्रजाती वेगळी करून तिला थेवेशिया हे नाव मिळाले. १९८० मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिपोल्ड यांनी बिट्टी व तिच्या काही निकटच्या जाती ‘कॅस्काबेला’ ह्या प्रजातीत नेल्या. स्पॅनिश भाषेत ‘कास्काबेल’ म्हणजे लहान घंटा किंवा खुळखुळा. म्हणजे हे नाव पुन्हा त्या वाजणाऱ्या आठळीकडेच आले. आज अनेक ग्रंथांत हे नाव मान्य असले, तरी औषधशास्त्रात व न्यायवैद्यकात थेवेशिया हेच नाव अधिक रूढ आहे. भारतातील न्यायवैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत, उदा., जयसिंग मोदी यांच्या सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तकात, ही वनस्पती ‘सर्बेरा थेवेशिया’ ह्या नावाने आढळते. जुना शवविच्छेदन-अहवाल किंवा न्यायालयीन निकाल वाचणाऱ्याने ही दोन्ही नावे एकाच झाडाची आहेत हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

सर्बेरा ही प्रजाती आजही स्वतंत्र मानली जाते आणि तिचे बिट्टीशी असलेले नाते खरोखरच जवळचे आहे. चाफा व ॲलमांडा हेही ह्याच आप्तवर्गातील आहेत. केरळच्या किनाऱ्यावर व खाजणांच्या कडेला वाढणारा सर्बेरा ओडोलम हा वृक्ष ‘ओथलम’ म्हणून ओळखला जातो. १९८९ ते १९९९ ह्या दहा वर्षांत एकट्या केरळात ह्या वृक्षाच्या विषाने पाचशेहून अधिक मृत्यू झाल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदविले आहे. मादागास्करमध्ये ह्याच प्रजातीतील दुसऱ्या वृक्षाचा (‘तांगेना’) उपयोग गुन्हेगार ठरविण्यासाठी केला जाई : आरोपीस कोंबडीच्या कातड्याचे तीन तुकडे व विष देत, तिन्ही तुकडे उलटून पडले तर तो निर्दोष, नाहीतर दोषी. एकोणिसाव्या शतकात राणी रानावालोना (पहिली) हिच्या कारकीर्दीत (१८२८–६१) ह्या दिव्याने असंख्य बळी घेतले व १८६० नंतरच्या दशकात ते कायद्याने बंद झाले. याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितलेल्या पाच दिव्यांत विषदिव्याचा समावेश आहे, ह्याचे येथे स्मरण होते. मात्र मादागास्करच्या दिव्यात निर्दोषत्व ठरत होते ते उलटी होण्यावर, म्हणजे एका शरीरक्रियेवर. न्यायाशी त्याचा काही संबंध नव्हता.

विष व त्याचे कार्य : बिट्टीच्या सर्व भागांत विष असते, ते बियांत सर्वाधिक व फळाच्या गरात त्यामानाने कमी असते. वाळवल्याने किंवा शिजवल्याने ते नाहीसे होत नाही. थेव्हेटीन (अ व ब), पेरुव्होसाइड, नेरिफोलीन इ. ग्लायकोसाइडे हे त्याचे घटक होत. सर्बेरा प्रजातीतील सर्बेरीन हे द्रव्य नेरिफोलिनाचेच किंचित बदललेले रूप आहे, म्हणजे वनस्पतिशास्त्राने जोडलेले नाते रसायनशास्त्रानेही सिद्ध केले आहे. ही सर्व द्रव्ये डिजिटॅलिसाच्या वर्गातील आहेत. इंग्रज वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिस ह्या वनस्पतीच्या पानांचा जलोदरादी विकारांवरील उपयोग प्रसिद्ध केला, तेव्हापासून औषध व विष यांतील अंतर ह्या वर्गात किती थोडे आहे हे वैद्यकाला ठाऊक आहे.

हृदयाच्या स्नायूंतील प्रत्येक कोशिकेच्या (पेशीच्या) पटलात सोडियम बाहेर टाकणारे व पोटॅशियम आत घेणारे एक एंझाइम असते. बिट्टीतील ग्लायकोसाइडे ह्या एंझाइमास निष्क्रिय करतात. त्यामुळे कोशिकेत सोडियम साचते, त्यामागोमाग कॅल्शियम वाढते व आकुंचन जोरदार होते. अल्प व मोजक्या मात्रेत हा परिणाम दुर्बळ हृदयास उपकारक ठरतो. मात्रा वाढली की हृदयाचे विद्युत् संदेश विस्कळित होतात : नाडी मंद व अनियमित होते, कर्णिकेकडून निलयाकडे जाणारा संदेश अडतो, शेवटी निलयाचे कंपन होऊन हृदय थांबते. रक्तातील पोटॅशियमाची पातळी वाढणे हे गंभीर विषबाधेचे लक्षण समजतात. सुरुवातीस मात्र उलट्या, पोटदुखी, जुलाब, चक्कर व तोंडाची आग एवढीच लक्षणे असतात, आणि धोका येथेच आहे. उलट्या थांबल्या म्हणजे संकट टळले असे घरच्यांना वाटते. हृदयावरील परिणाम काही तासांनी, क्वचित त्याहूनही उशिरा दिसू लागतात व काही दिवसही टिकतात. म्हणून बिट्टीचा कोणताही भाग खाल्ल्याचा संशय असल्यास लक्षणांची वाट न पाहता रोग्यास हृदयाचा विद्युत् आलेख काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब नेणे व तेथे पुरेसा काळ निरीक्षणाखाली ठेवणे आवश्यक असते. घरी उलटी करविण्याचे किंवा दूध, ताक, तूप पाजण्याचे उपाय वेळ घालवितात.

भारतीय संशोधकांचे ह्या विषाकडे लक्ष फार पूर्वीपासून आहे. विल्यम डायमॉक व त्यांचे सहकारी यांनी १८९० ते १८९३ ह्या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय औषधिद्रव्यांवरील ग्रंथात तिची नोंद आहे. कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत रामनाथ चोप्रा व मुखर्जी यांनी थेव्हेटिनाच्या औषधी क्रियेचा अभ्यास करून तो १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९६० नंतरच्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पेरुव्होसाइडावर काम झाले आणि जर्मनीत ते हृदयविकारावरील औषध म्हणून काही काळ वापरातही होते. डिजॉक्सीन हे अधिक भरवशाचे औषध सर्वत्र मिळत असल्याने पेरुव्होसाइड मागे पडले.

उपचाराचा प्रश्न ह्या विषाच्या बाबतीत आर्थिकही आहे. नाडी मंद झाल्यास ॲट्रोपीन देतात, आवश्यक तर तात्पुरता गतिकारक बसवितात. परंतु विषाला नेमके बांधून निष्प्रभ करणारे औषध म्हणजे मेंढ्यांच्या रक्तरसापासून तयार केलेले डिजॉक्सीन-विरोधी प्रतिपिंड. मूळ डिजिटॅलिसासाठी बनविलेले हे प्रतिपिंड बिट्टीच्या विषावरही लागू पडतात, हे श्रीलंकेतील चाचणीने २००० मध्ये सिद्ध झाले. त्या देशात १९८० च्या सुमारास जाफना परिसरात बिट्टीने झालेल्या आत्महत्येच्या घटनेस मोठी प्रसिद्धी मिळाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तेथे हे विष घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत गेली. ज्या झाडाकडे पिढ्यान्‌पिढ्या कुंपणाचे झाड म्हणूनच पाहिले जात होते, ते केवळ बातमीने एका वेगळ्याच ओळखीस पात्र झाले. प्रतिपिंडांमुळे श्रीलंकेतील मृत्यूंना काही काळ आळा बसला. पण पुढे औषधाची किंमत परवडेनाशी झाली, पुरवठा थांबला व मृत्यूंचे प्रमाण पुन्हा वाढले, असे २००३ मधील अहवालात म्हटले आहे. भारतातही हे प्रतिपिंड सहज उपलब्ध नसतात. प. बंगालमधील ३०० रोग्यांच्या हृदयावरील परिणामांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयांनाही असे रोगी अपरिचित नाहीत.

स्वस्त उपाय म्हणून पोटातील विष शोषून घेणाऱ्या कोळशाच्या भुकटीच्या वारंवार मात्रा देण्याची कल्पना पुढे आली. २००३ मधील श्रीलंकेतील एका चाचणीत अशा मात्रा दिलेल्यांत मृत्यूचे प्रमाण २·५ टक्के, तर एकच मात्रा दिलेल्यांत ८ टक्के आढळले. मात्र त्याच देशातील चार हजारांहून अधिक रोग्यांच्या २००८ मधील चाचणीत असा लाभ दिसला नाही. त्यामुळे ह्या प्रश्नावर वैद्यकात अद्याप एकमत नाही. एवढे मात्र निश्चित, की वेळेवर रुग्णालयात पोहोचलेले बहुसंख्य रोगी वाचतात.

लागवड व आढळ : इतके विषारी झाड मनुष्याने आपल्या दाराशी का लावले, ह्याचे उत्तर त्याच्या विषातच आहे. गुरे व शेळ्या त्याला तोंड लावीत नाहीत. त्यामुळे राखणीशिवाय कुंपण टिकते. पाणी कमी असले तरी ते हिरवे राहते, छाटणी सोसते, हलक्या मुरमाड जमिनीत वाढते, कीड फारशी लागत नाही व वर्षभर फुलते. दख्खनच्या पठारावरील वाढत्या गावांना व शहरांना ह्याहून सोईचे झाड मिळणे कठीण. पुण्याहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दिघी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्या मार्गाने पुण्यास येते त्या मार्गावरील हे मुरमाड टेकड्यांच्या पायथ्याचे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेतांच्या जागी गृहसंस्था, वर्कशॉपे व गुदामे आली. दिघी, मोशी व पुढे चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात भिंतीलगतची अरुंद पट्टी, प्रवेशद्वाराच्या बाजू, रस्त्याचे दुभाजक अशा जागी जे थोडे लावता येते त्यांत दोन्ही कण्हेरी हमखास असतात. गावात असताना ज्या झाडापासून राखणाऱ्या मुलांना मोठी माणसे दूर ठेवीत, त्या झाडाच्या सावलीत आता बाहेरगावाहून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले खेळतात आणि त्यांना ते ओळखू येईलच असे नाही.

मुलांचा व बिट्टीचा संबंध तसा जुनाच आहे. मुली बिट्टीच्या आठळ्या सागरगोट्यांसारख्या खेळण्यास वापरतात. वेस्ट इंडीजमध्ये तर हीच आठळी शुभदायक मानून ताईत म्हणून बाळगतात. आठळी कठीण असल्याने ती सहसा फुटत नाही, व ती हाताळल्याने विषबाधा होत नाही, ही त्यातल्या त्यात सुदैवाची गोष्ट होय. चीक मात्र त्वचेस व डोळ्यांस दाहक असतो. झाड छाटल्यावर हात साबणाने धुणे इष्ट. फुले शंकरास वाहण्याची प्रथा आहे आणि श्रावणात परड्या भरून ती देवळात जातात. शाळा, बालवाड्या व खेळाची मैदाने यांच्या आवारात मात्र हे झाड नव्याने लावू नये व असल्यास खाली पडलेली फळे वेचून टाकावीत, असे सुचविणे गैर होणार नाही. सरसकट तोड करण्याचे कारण नाही. ज्या कुंपणापलीकडे गुरे चरतात तेथे त्याचा उपयोग अजून शिल्लक आहे.

सस्तन प्राण्यांस घातक असलेली ही फळे काही पक्षी मात्र खुशाल खातात. कोकीळ, बुलबुल, साळुंकी व राखी धनेश हे पिकलेल्या फळाचा गर खाताना आढळले आहेत. शिंजीर फुलातील मधुरसासाठी येतो. नसराळ्याच्या तोंडातून आत जाण्याऐवजी तो पुष्कळदा नळीच्या तळाशी चोचीने छिद्र पाडतो, त्यामुळे रस मिळतो पण परागण होत नाही. पक्षी खातात म्हणून फळ निर्विष असले पाहिजे, हा ग्रामीण भागातील आडाखा इतर रानफळांना लावला जातो. बिट्टीच्या बाबतीत तो लागू पडत नाही.

उपयोग : बियांतील मगजात निम्म्याहून अधिक तेल असते. ते खाद्य नाही. ते रंगात व इंधन म्हणून वापरण्याविषयी अलीकडे प्रयोग झाले आहेत. साल पूर्वी हिवतापावर देत. तिची मात्रा बेभरवशाची असल्याने हा उपयोग आता त्याज्य मानतात. कुटलेल्या भागांचा उपयोग काही देशांत मासे गुंगविण्यासाठी व कीटकनाशक म्हणून होतो. ब्रिटिश अंमलात गुरांवरील विषप्रयोगाच्या खटल्यांतही ह्या बियांचा उल्लेख येई. नवीन लागवड बियांपासून सहज होते; छाट कलमेही लागतात. पावसाळ्याच्या आरंभी लावलेली रोपे साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलू लागतात. बागांतून पांढऱ्या व फिकट नारिंगी फुलांचे प्रकारही लावतात. ते दिसण्यास वेगळे असल्याने बिट्टी म्हणून चटकन ओळखू येत नाहीत, पण पिवळ्या प्रकाराइतकेच विषारी आहेत.